हौसेनं चढलेला पाव्हणा

पोरगी द्यायची वेळ आली की आपल्याकडचा माणूस पोलिसालाही चौकशी शिकवील. पोराच्या गावी न कळवता जाईल. तिथल्या चक्कीवर उभं राहून त्या घरातून दळण ज्वारीचं येतं की गव्हाचं, ते काढून घेईल. न्हाव्याला चहा पाजून पोराच्या तोंडाला कधी वास येतो का ते विचारील. म्हातारीला ताट कुणाच्या आधी वाढतात, उन्हाळ्यात बोअरला पाणी राहतं का, थोरल्या सुनेला माहेरी पाठवतात का, हे सगळं पाहून परत येईल आणि वर म्हणेल, "घर तसं बरं दिसून राहिलं, पण एकदा त्यायच्या मामाकडून बी काढा."

हाच माणूस घर बांधायला काढतो तेव्हा गुत्तेदाराला एकच प्रश्न विचारतो : "तुमी कोणत्या गावचे?" गाव निघालं की नातं निघतं आणि नातं निघालं की नारळ फुटतो. पोरगी द्यायला सतरा चौकश्या, आणि जे छत लेकरांच्या डोक्यावर राहायचं त्याचं काम द्यायला एक नारळ.

शिवहार गुत्तेदाराचा सगळा धंदा त्या नारळावर चालला होता. सेनगावच्या आजूबाजूला असं गाव नव्हतं जिथं त्याचा साडू, मावसभाऊ नाहीतर त्यांच्यापैकी कुणाचा व्याही नव्हता. कुणी कागदाचं नाव काढलं की तो छातीवर हात ठेवायचा. "आपल्याच माणसाला कागद मागून राहिले का तुमी?" असं काही दुखऱ्या आवाजात म्हणायचा, की मागणाराच ओशाळून त्याला आणखी एक कप चहा सांगायचा.

मनकर्णा त्याची सख्ख्या चुलत्याची लेक. तिच्या नवऱ्याला, संतरामला, शिवहारनं पत्रे ठोकायच्या कामावर घेतलं तेव्हाही कुणी काही विचारलं नाही. बहिणीच्या नवऱ्याला कामाचा कागद करून देतो तो भाऊ कसला, असं तेव्हा खुद्द मनकर्णाचंच मत होतं.

ते मत मोडलं गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला. जवळा बाजारला हरिचंद आडत्याच्या जुन्या गोदामाला जोडून नवीन शेड चाललं होतं. संतराम वर होता. त्याचा पाय नव्या लोखंडावरून घसरून जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर पडला, आणि पत्र्यासकट माणूस खाली आला. नांदेडला नेलं. कमरेत खिळे पडले, उजवा पाय जागेवर राहिला पण कामाचा राहिला नाही. तो बेशुद्ध असताना जबाब घ्यायला आलेल्या पोलिसाला शिवहारनं सांगितलं, "दाजी कामावर नव्हते हो. पाव्हणे म्हणून काम पाहाले आले होते. हौसेनं वर चढले." जळबा आणि सोनाजी हे दोघं मजूर शेजारीच उभे होते. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच गुत्तेदाराकडे कामाला जायचं होतं.

खांद्यावर हातोडी, कमरेला खिळ्यांची पिशवी आणि डोक्याला फडकं बांधून कोणता पाव्हणा हौस करतो, हे विचारायचं पोलिसाला सुचलं नाही. गावालाही सुचलं नाही. गावाला सुचलं ते एवढंच, की संतरामला नवीन नाव ठेवावं. पारावर कुणीतरी विचारायचं, "हौशा कसा हाय रे आता?" आणि बाकीचे तंबाखू थुंकता थुंकता हसायचे.

वाईट त्याचं नव्हतं. वाईट हे की संतरामही पुढे पुढे तसंच म्हणायला लागला. बाजेवर पडल्या पडल्या आढ्याकडे पाहत म्हणायचा, "जाऊ दे. असंल चढलो हौसेनं. सोयऱ्याशी काहून वाकडं घ्यायचं?"

"तुमी हौसेनं कधी शेतात बी गेले न्हाई," मनकर्णा म्हणायची, "पत्र्यावर कशाले जाता?"

ती भांडायला भावाच्या दारी गेली नाही. गावाची तीही करमणूक बुडाली. हळदीचं बेणं जसं सावलीला रचून, वर पाला झाकून, लागणीपर्यंत जपतात, तसा तिनं राग जपला. मधून मधून पाला उचलून पाहायची. सडला नव्हता. उलट कोंब धरून राहिला होता.

हिंगोलीला जाऊन ती एका वकिलाला भेटली. वकील सरळ माणूस निघाला. म्हणाला, "बाई, मजूर कामावर असताना पडला तर गुत्तेदाराला भरपाई द्यावी लागते, विमा असो नसो. तो सोयरा आहे का सावत्र, कायदा विचारत नाही. पण कामावर होता हे शाबीत करा. साक्षीदार आहेत?"

"होते. त्यायची मान हलती."

"मग गुत्तेदाराच्या स्वतःच्या तोंडून यायला पाहिजे. चार माणसांत. आणि दोन वर्षांच्या आत अर्ज पडला पाहिजे."

"येईल," मनकर्णा म्हणाली. "त्याचं तोंड मला लहानपणापासून ठावं हाय. मोठेपणा सांगताना ते मिटत न्हाई."

राखी पौर्णिमेला ती ताट घेऊन शिवहारच्या घरी गेली. शिवहार आधी दचकला, मग विरघळला. डोळ्यात पाणी आणून म्हणाला, "मनू, तू आलीस. मला वाटलं तू मनात धरलंस."

"भावाचं काय मनात धरायचं, दादा," ती म्हणाली आणि राखीची गाठ अशी आवळली की त्याच्या मनगटावर वळ उठला. त्यानं मोरपंखी रंगाची साडी दिली. तिनं ती घडी न मोडता पेटीत ठेवली.

आता गावातल्या बायकांचा हळदीचा गट होता. हळद शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि मग विकायची, असं त्यांचं दोन वर्षं चाललं होतं. या वर्षी सरकारी योजनेतून त्यांना शेड मंजूर झालं. काम कुणाला द्यायचं ते गटानं ठरवायचं होतं. गटाच्या अध्यक्ष यशोदाबाई. अंगानं जाड, बोलण्यात भोळ्या, आणि भोळेपणानं समोरच्याची कातडी सोलणाऱ्या. सचिव शिवकन्या. बारावी झालेली, अक्षर मोत्यासारखं, आणि ऐकलेलं जसंच्या तसं लिहायची वाईट खोड. मनकर्णा साधी सभासद.

शिवहार पोळ्यानंतर पेढे घेऊन आला. यशोदाबाईंनी पेढा तोंडात टाकला आणि मनकर्णेकडे पाहिलं. तिथं बसलेल्या सगळ्याच बायकांनी पाहिलं. आता ठिणगी पडते म्हणून दोघी-तिघी पुढे सरकून बसल्या.

"दादालाच द्या की काम," मनकर्णा म्हणाली.

ठिणगीची वाट पाहणाऱ्या दोघी-तिघी परत मागे सरकल्या.

"फक्त एक," मनकर्णा म्हणाली. "आपण पोरगी देताना घर पाहून येतो. हे तर सरकारचं शेड हाय. आधी गुत्तेदाराचं घर पाहू. दादाचं बी अन् सेनगावच्या पुनमचंदचं बी."

"पुनमचंद?" शिवहारच्या कपाळाला आठी पडली. पुनमचंद दुसरा गुत्तेदार. नोंदणीवाला, कागदवाला, आणि नात्यानं कुणाचाच कुणी नाही. "तो परका माणूस. त्याचं काय पाहायचं?"

"परक्याचंच पाहायला लागतं, दादा. तुझं काय, तू आपला. तुझं पाहणं नुसतं नावाला."

शिवहार खूश होऊन गेला. जाताना उरलेले पेढेही ठेवून गेला.

बायकांना घर पाहणं कुणी शिकवायची गरज नव्हती. यशोदाबाई, शिवकन्या आणि मनकर्णा जीपनं निघाल्या त्या पोराचं घर पाहायला निघाल्यासारख्या, डब्यात दशम्या घेऊन. पुनमचंदची दोन शेडं पाहिली. त्यानं न मागता कागदांची पिशवी उघडली : नोंदणी, कामाचे दाखले, आणि मजुरांच्या विम्याचा चालू वर्षाचा कागद. चहा मात्र पाजला नाही. यशोदाबाईंना ते लागलं. "माणूस कोरडा हाय," त्या म्हणाल्या.

"शेडबी कोरडंच हाय, काकू," शिवकन्या म्हणाली. "गळत न्हाई."

मग जवळा बाजार. मनकर्णा त्या गोदामात पहिल्यांदाच आली होती. आत सोयाबीनची थप्पी लागलेली होती आणि वर जुन्या करड्या पत्र्यांच्या रांगेत एकच पत्रा निळ्या टिनाचा होता. कुणी सांगायची गरज पडली नाही. ती त्याच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिली. खाली फरशी होती. तिनं चप्पल काढून उघडा पाय त्या फरशीवर टेकवला. फरशी चांगली टणक होती.

हरिचंद आडत्या हात जोडत आला. शिवहारच्या कामाबद्दल यशोदाबाईंनी विचारलं तसा म्हणाला, "काम चोख. तिघांनीच उचललं सगळं. जळबा, सोनाजी अन् ते…" मग त्यानं मनकर्णेला ओळखलं आणि त्याचा आवाज पोत्यामागे गेला. "ताई, मी व्यापारी माणूस. मला कोर्टकचेरीत ओढू नका."

"न्हाई ओढत," मनकर्णा म्हणाली. "मी तर दादाची तारीफ ऐकाले आले."

परतताना जीपमध्ये यशोदाबाई मनकर्णेकडे सरकून बसल्या. म्हणाल्या, "मनकर्णे, तू भावाला काम देऊन राहिलीस का त्याचा काटा काढून राहिलीस?"

"काकू, तुमी फक्त तुमाला जे कळत न्हाई ते विचारत जा. तुमाला ते चांगलं जमतं."

बैठकीच्या दिवशी मनकर्णेनं मोरपंखी साडी नेसली. शाळेच्या वर्गात सगळा गट जमला होता. दारात, खिडकीत, जिथं जागा मिळेल तिथं बाप्ये उभे होते; बायकांच्या बैठकीला यायचं नसतं, पण ऐकायला बंदी नसते. शिवहार पांढऱ्या कपड्यात आला. सोबत जळबाला आणलं होतं, आपल्याकडे माणसं आहेत हे दिसावं म्हणून. बहिणीच्या अंगावर आपली साडी पाहून तो पहिल्याच बाकावर पाय सोडून बसला.

शिवकन्येनं वही उघडली. "आधी विमा. कामावरच्या माणसांचा विमा हाय का?"

"हाय ना," शिवहार म्हणाला आणि खिशातून घडी केलेला कागद काढून मोठ्या डौलानं पुढे केला.

शिवकन्येनं वाचला. पुन्हा वाचला. "हा पीक विमा हाय, मामा. सोयाबीनचा."

खिडकीतले बाप्ये फिसकन हसले. शिवहारनं दुसऱ्या खिशात हात घातला. "मग हा घे." तो ट्रॅक्टरचा निघाला.

यशोदाबाईंनी गाल खाजवला. "म्हणजे सोयाबीन वाळलं तर भरपाई, ट्रॅक्टर पलटला तर भरपाई. अन् वरून माणूस पडला तर?"

 सगळ्यांच्या माना हळूच मनकर्णेकडे वळल्या. तिनं पदर सारखा केला. "काकू, विम्याचं काय, तो काम सुरू करायच्या आधी काढता येतो. दादा काढंल. खरी गोष्ट अनुभवाची. पुनमचंदनं दोन शेडं दाखवली."

शिवहारला बहिणीचा हात पाठीवर आल्यासारखं वाटलं. तो उठून उभा राहिला. "पुनमचंद काय दाखवतो? जवळा बाजारचं हरिचंदचं शेड कुणाचं? माझं. तुमी डोळ्यानं पाहून आल्या."

"चांगलं हाय," मनकर्णा म्हणाली. "लिही गं शिवकन्या, ते शेड दादाचं. पण दादा, लोकं एक बोलतात, मला बी ऐकून वाईट वाटलं. म्हणतात, शिवहारकडं स्वतःची माणसं न्हाईत. इकडून तिकडून उसनी आणतो."

"कोण म्हणतो?" शिवहारचा आवाज चढला. "माझ्या हाताखाली माझीच माणसं असतात. हा जळबा. तो सोनाजी. एवढं शेड काय उसन्या माणसांनी उभं राहिलं?"

"दोघांनी?" यशोदाबाईंनी खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं विचारलं. "अहो, मला कळत न्हाई म्हणून विचारते. एवढा लांब पत्रा, एक जण खालून देणार, एक जण मधी धरणार, मग वर ठोकणार कोण? आमचं शेड तर त्याच्याहून मोठं हाय. दोन माणसाच्या बळावर हे गुत्तेदार होळीपर्यंत काय करतील? हळद उघड्यावर भिजंल आमची."

"व्हय की," चार बायका एकदम म्हणाल्या. "पुनमचंदकडं आठ जण हायेत म्हणे."

"पुनमचंदलाच देऊन टाका मग," दारातून कुणीतरी म्हणालं.

शिवहारनं दाराकडे वळून पाहिलं. समोर काम होतं आणि मागे सगळं गाव उभं होतं. उसनी माणसं म्हणवून घेणं त्याला आयुष्यात जमलं नसतं. "दोघं कोण म्हणलं?" तो म्हणाला. "तीन होते. वर ठोकाले आपले दाजी होते."

बोलून झालं तेव्हा त्याला ते ऐकू आलं.

मनकर्णेनं मान खाली घातली होती. ती तशीच ठेवून, साडीच्या काठावरून बोट फिरवत, अगदी हळू म्हणाली, "ते पाव्हणे म्हणून होते का कामावर, दादा? पाव्हणे असतील तर शिवकन्येला दोनच लिहावे लागतील."

शिवहारनं बहिणीकडे पाहिलं. तिनं वर पाहिलं नाही. राखी बांधलेली, साडी नेसलेली, काम आपल्याच पदरात टाकायला निघालेली बहीण. ही काय कोर्टात जाणार? त्यानं मनातल्या मनात हिशेब केला आणि धंद्यात पहिल्यांदाच त्याचा हिशेब चुकला.

"कामावरच होते," तो म्हणाला. "मी ठेवलं होतं. हजेरी मीच देत होतो."

"जळबा, बराबर हाय का?" यशोदाबाईंनी विचारलं.

जळबानं मालकाकडे पाहिलं. मालकानंच रान मोकळं केलं होतं. दीड वर्ष घशात अडकलेला घास गिळल्यासारखा तो म्हणाला, "बराबर हाय. माझ्या आधीपासून होते. मला पत्रा धराले त्यायनंच शिकवलं."

शिवकन्येनं लिहिलं. लिहून झाल्यावर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं : हरिचंद आडत्याचं शेड मीच केलं, त्यावर जळबा, सोनाजी व संतराम हे माझे मजूर होते, संतराम यांना मी कामावर ठेवलं होतं. खाली शिवहारनं सही केली, अंगठ्याएवढी मोठी. जळबानं केली. सगळ्या बायकांनी केल्या. खिडकीतल्या बाप्यांनीही ऐकलं होतं, म्हणून त्यांच्यापैकी दोघांच्याही घेतल्या.

"आता ठराव," यशोदाबाई म्हणाल्या. "अनुभव दोघांचा बी हाय. माणसं दोघांची बी हायेत. पण आपल्या शेडावर माणूस चढायचा, सोयाबीन न्हाई. ज्याच्या माणसाचा विमा आजच्या दिवशी हाय, त्याला काम. पुनमचंद."

सगळे हात वर गेले. मनकर्णेचा सगळ्यात आधी.

 शिवहारची नजर शिवकन्येच्या वहीवर गेली, तिथून आपल्या सहीवर, तिथून बहिणीच्या मोरपंखी पदरावर. "मनू," तो म्हणाला, "तू तर म्हणलीस, दादालाच द्या."

"म्हणले होते," मनकर्णा म्हणाली. आता तिनं सरळ त्याच्या डोळ्यात पाहिलं. "देऊन झालं, दादा. चहा घेऊन जा."

ती घरी आली तेव्हा संतराम बाजेवर उठून बसला होता. बातमी तिच्या आधी पोचली होती, पण त्याला ती तिच्याच तोंडून पाहिजे होती.

"म्हणला का तो?"

"म्हणला."

"काय म्हणला? बराबर सांग."

"कामावरच होते म्हणला. मी ठेवलं होतं म्हणला."

संतराम आढ्याकडे पाहत राहिला. "अजून एकदा सांग," तो म्हणाला. तिनं सांगितलं. जळबा काय म्हणाला तेही सांगितलं. त्यानं ते पुन्हा सांगायला लावलं. चौथ्या वेळेला ती वैतागून चुलीकडे गेली, तर मागून त्याचा हसण्याचा आवाज आला. पडल्यापासून तो हसला नव्हता. हसताना कंबर दुखत होती, म्हणून तो थांबून थांबून हसत होता.

अर्ज पडला. ठरावाची नक्कल त्याला जोडली. दिवाळीच्या तोंडावर शिवहारला नोटीस गेली. तोवर ती वहीतली गोष्ट गावोगावच्या सोयऱ्यांत फिरली होती. नारळ फोडायच्या आधी लोक आता विचारायला लागले, "शिवहारराव, विमा कशाचा हाय? सोयाबीनचा का माणसाचा?" पारावर तो दिसला की कुणीतरी हमखास पाऊसपाण्याचं, पिकाचं आणि मग विम्याचं काढायचं. हौशा हे नाव संतरामच्या दारातून उठलं होतं आणि नवीन घर शोधत होतं.

भाऊबिजेला शिवहार आला. हातात साडीची पिशवी, राखीच्या वेळेपेक्षा जड. दारातच थबकला. मनकर्णेनं पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, सगळं रीतीनं. कुंकू लावलं, ओवाळलं. शिवहारनं साडी ताटात ठेवली आणि हात तिथंच राहू दिला.

"मनू, एक मागतो. तेवढा अर्ज मागं घे. बहीण हायेस माझी."

मनकर्णेनं निरांजन ताटातून उचलून बाजूला ठेवलं. "ओवाळणी भावानं घालायची असती, दादा. मागायची नसती." मग ताट उचलून देवापुढे ठेवलं आणि त्याच्यासाठी फराळ आणायला आत गेली. करंज्या, चकल्या, शेव, लाडू. पाव्हण्याच्या ताटात कशाची कमी ठेवली नाही.

शिवहार हात धुवायला म्हणून पाटावरून उठला. बाजेवरून काठीनं जमीन ठोकत संतराम म्हणाला, "बसा पाव्हणे, निवांत बसा. आमच्या घरी हौसेनं कुठं वर तेवढं चढू नका. माणसाचा विमा आमी बी काढला न्हाई."